वखारीतली नवमी

न्यूझीलंडहून परत आलेली माणसं बर्फाच्या डोंगरांचे आणि निळ्या तळ्यांचे फोटो दाखवतात. माझ्या फोनमध्ये आहेत ते एका पबचे, आणि त्यातलेही निम्मे हललेले. साताऱ्यात शेजारच्या सुधाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. भावजयीच्या अविधवा नवमीसाठी गेले होते आणि ती नवमी त्या पबातच झाली, असं पुढे सांगितल्यावर पदर तिथेच राहिला. तर ज्यांचा पदर अजून जागेवर आहे, त्यांच्यासाठी हे पहिल्यापासून सांगते.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. आमची मंदावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, दीड वर्षापूर्वी गेली. दादा आणि वहिनी लग्न झाल्यावर लगेच तिकडे गेले ते तिकडचेच झाले. दादा हॉस्पिटलात फार्मासिस्ट, वहिनी त्याच हॉस्पिटलात नर्स. दादा आता निवृत्त झालाय. माझे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यामुळे या नवमीत माझं काम फक्त पानं वाढण्याचं. जेवायला दुसरी कुणीतरी शोधायची. हे मला इतकं अंगवळणी पडलंय की त्याबद्दल कधी वाईट वाटलं नाही. निदान असं मी समजत होते.

ऑकलंड

विमानतळावरच माझा नारळ गेला. त्या देशात बाहेरचं बी, पान, माती काहीही येऊ देत नाहीत. मी सरळमार्गी बाई, सगळं कबूल केलं : नारळ, तांदूळ, सुपाऱ्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एक हिरवा खण. तिथला तरुण अधिकारी "किया ओरा", म्हणजे तिकडचा नमस्कार, करून हसला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडत गेला. हे सगळं कशासाठी, असं त्याने विचारलं. "माझ्या वहिनीसाठी," मी म्हणाले, "ती वारली आहे." मग नारळ, तांदूळ आणि सुपाऱ्या बाजूला काढून बाकीचं त्याने नीट घडी घालून परत दिलं आणि "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणाला. ते वहिनीबद्दल होतं की नारळाबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही.

दादाची मुलगी ऋचा बॉटनी डाउन्सला राहते. मोठमोठी दुकानं, मोकळे रस्ते, आणि प्रत्येक घरापुढे कापलेलं गवत. तिची मुलगी मीरा माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे आमच्या गप्पा दोन रुळांवरून छान चालल्या. नारळाची हकिकत ऐकून ती म्हणाली, "आजी, वी कॅन जस्ट गेट वन फ्रॉम द डेअरी." मला वाटलं, दुधाच्या डेअरीत नारळ कुठून येणार? तर तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाच डेअरी म्हणतात.

रात्रीचं जेवण आवरताना ऋचाने विषय काढला. "आत्या, बाबा अजिबात ओके नाहीयेत. वीकमध्ये ठीक असतात. गार्डन करतात, लायब्ररीत जातात. पण फ्रायडे आला की गेले. फोन उचलत नाहीत. मी एकदा न सांगता गेले, तर टोस्टची एक स्लाइस घेऊन बसले होते, तीपण खाल्लेली नव्हती. किती बारीक झालेत, तू बघशीलच."

"आणि वखार?"

"आई गेल्यापासून एकदाही नाही. मी हीप्स ऑफ टाइम्स म्हटलं, चला, मी येते. गाडीत बसतात, तिथवर जातात, आणि म्हणतात, परत फिरव."

वखारीचं सांगायला हवं. दादा राहतो त्या पामर्स्टन नॉर्थला गावाच्या मध्यापासून जवळच एक जुनं लाकडी गोदाम आहे. पूर्वी तिथे लोकरीचे गठ्ठे ठेवत. पुढे एका कुटुंबाने ते घेऊन आत भट्टी लावली आणि स्वतःची बिअर करून तिथेच विकायला सुरुवात केली. वहिनीने त्याचं नाव ठेवलं वखार. नवीन संसार होता तेव्हापासून दर शुक्रवारी ड्युटी संपली की दोघं तिथे जेवायला जात. वहिनीची आई साताऱ्यात अभिमानाने सांगायची, जावई दर शुक्रवारी मुलीला वखारीत घेऊन जातात. ऐकणाऱ्यांना वाटायचं, गरिबीत दिवस काढतायत बिचारे, लाकडंसुद्धा स्वतः आणतात.

ऋचा म्हणाली, "नवमीच्या निमित्ताने तू काहीतरी कर. तुझं ऐकतात." दादाने माझं कधी ऐकलंय ते मला आठवेना, पण मी हो म्हटलं.

पामर्स्टन नॉर्थ

छोट्या विमानातून उतरताना डोंगराच्या कण्यावर ओळीने पवनचक्क्या दिसतात, आणि उतरल्या उतरल्या त्या तिथे का उभ्या केल्यात ते कळतं. वाऱ्याने माझी शाल ओढली, पदर ओढला, शेवटी मला ओढायला लागला. भाद्रपदात तिकडे वसंत ऋतू सुरू होतो. कुठे पिवळी फुलं लटकलेली, कुरणात कोकरं, आणि हवेत आपल्या पौषासारखा गारठा. त्या गारठ्यात दादा पायांत जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपरा, घालून मला घ्यायला आला होता. ऋचा म्हणाली त्याहून बारीक झाला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान इतकी सैल होती की मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्याच्या स्लिपरांवरून त्याला बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकाचा बेत सांगितला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. दादा शांतपणे ऐकून म्हणाला, "मंदाला खीर आवडायची नाही."

"अरे पण नवमीला खीर लागतेच."

"तिला आवडायची नाही, नीले. आयुष्यभर तिने पाहुण्यांकडे ती कशीबशी गिळली. आता तरी सोड तिला."

"मग काय आवडायचं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला उत्तर माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की मला ते माहीत आहे.

ऋचा कॉलेजात होती तेव्हा मी आणि माझे यजमान तिकडे गेलो होतो. वखारीत चौघं बसलो होतो. पुरुषांच्या हातात हँडल, म्हणजे मुठीचा जाड काचेचा ग्लास. मी संत्र्याचा रस घेऊन अंग चोरून बसलेले. वहिनीने मला उठवून काचेपलीकडची भट्टी दाखवायला नेलं. तांब्याचं मोठं भांडं, त्यातून वाफ, आणि सगळीकडे भाजक्या धान्याचा वास. "ओळख कसला," ती म्हणाली. मी डोळे मिटले आणि आमची साताऱ्याची गच्ची दिसली. आई नाचणीला मोड आणायची, फडक्यावर वाळवायची, भाजायची, दळायची. तेच ते सत्त्व. "झालं तर मग," वहिनी म्हणाली, "इथे नाचणीऐवजी सातू घेतात, एवढंच. तुम्ही सगळे लहानपणी जे पीत होतात त्याच्या मावशीची लेक आहे ही." मग तिने आपला छोटा ग्लास पुढे केला, काळी बिअर होती, आणि मी एक घोट घेतला. कडू होती. यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या टेबलावरची आता दोनच माणसं उरलीत.

"मग तिथेच करू," मी दादाला म्हणाले.

"काय?"

"नवमी. वखारीत. नवमी शुक्रवारचीच आहे. सवाष्णीला वहिनीला आवडायचं तेच जेवू घालू."

"दारूच्या दुकानात श्राद्ध?"

"तू कधीपासून सोवळा झालास?"

तो हसला नाही, पण नाही म्हणाला नाही. तेवढ्यावर मी कामाला लागले.

अडचण आली ती सवाष्णीची. गाव छोटं, विद्यापीठाचं आणि हॉस्पिटलचं. मराठी घरं आहेत, पण शुक्रवारी संध्याकाळी कोण मोकळं? नाशिकची नर्स होती तिची ड्युटी. एक डॉक्टरीणबाई भारतात गेलेल्या. विद्यापीठात चार मुली होत्या, चौघी बिनलग्नाच्या आणि त्यातल्या तिघी शाकाहारी. मी फोनवर फोन करत होते आणि दादा बाजूला बसून मजा बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याला मजा वाटत होती असं मला वाटलं, म्हणून मी आणखी दोन फोन उगीचच केले.

"हेदर आहे की," तो शेवटी म्हणाला.

हेदर वखारीची मालकीण. सासऱ्याने लावलेली भट्टी आता ती चालवते. बिअरही तीच करते. वहिनीची दोस्त. आमंत्रण आदल्या दिवशी द्यायचं, म्हणून गुरुवारी दुपारी मी हळदकुंकू आणि खण घेऊन निघाले. दादा गाडी चालवत आला. वखारीसमोर गाडी थांबली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं नाही. मी त्याच्याकडे न बघता खाली उतरले आणि दार उघडं ठेवलं. वारा गाडीत शिरला. थोड्या वेळाने माझ्यामागे स्लिपरांचा आवाज आला.

हेदर गुडघ्यापर्यंत बूट घालून भट्टीतला चोथा फावड्याने पिंपात भरत होती. तो चोथा एक शेतकरी डुकरांसाठी घेऊन जातो. दादाला बघून तिने फावडं टाकलं. "श्री," एवढंच म्हणाली आणि त्याला मिठी मारली. तिकडे सगळे त्याला श्रीच म्हणतात. दादा ताठ उभा होता, मग त्याने तिच्या पाठीवर एकदा थोपटलं.

मी नवमीबद्दल माझ्या इंग्रजीत समजावलं. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय, समजावणं जमतं. हेदर डोळे मोठे करून ऐकत होती. मंदासाठी जेवायचं? आनंदाने, म्हणाली. मग मी जे विचारायचं ते विचारलं.

"तुमचे यजमान हयात आहेत ना?"

हेदरने मला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग ती इतकी हसली की तिला पिंपाला टेकावं लागलं. "कुठला?" तिने विचारलं.

प्रकार असा होता : ज्याच्याशी लग्न झालं होतं त्याच्यापासून ती केव्हाच वेगळी झालेली. तो दक्षिणेला दुसऱ्या बाईबरोबर राहतो आणि ठणठणीत आहे. "दुर्दैवाने," ती म्हणाली. ज्याच्याबरोबर ती गेली कित्येक वर्षं राहते, त्याच्याशी लग्न करायचं राहूनच गेलं. मग मी आणि दादा काउंटरपाशी मराठीत वाद घालायला लागलो. मी म्हणत होते, लग्नाचा नवरा जिवंत आहे, म्हणजे सवाष्ण. दादा म्हणत होता, सोडलेला कसा चालेल, घरातला धर. मी म्हटलं, घरातल्याशी लग्न कुठे झालंय. दादा म्हणाला, मग दोघांचा मिळून एक नवरा मोज. हेदर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"पास झाले का मी?" तिने विचारलं.

"झालात," मी म्हणाले आणि तिला कुंकू लावलं. खणाचं काय करायचं ते तिला कळेना. तिने तो डोक्याला रुमालासारखा बांधला आणि पुन्हा फावडं उचललं. उद्या संध्याकाळी तुमच्याबरोबर बसून जेवते, काहीच अडचण नाही, स्वीट अ‍ॅज, म्हणाली.

परत जाताना दादाने गाडीत विचारलं, "तू तीस वर्षं मुलांना हेच शिकवत होतीस का?" त्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं.

शुक्रवार

त्यांचं नेहमीचं टेबल भट्टीच्या काचेजवळ आहे. दादा आपल्या जागी बसला, मी बाजूला. समोरची खुर्ची हेदरसाठी. तिथे वेटर येत नाही. आपण काउंटरवर जाऊन सांगायचं, नंबराची काठी घेऊन टेबलावर ठेवायची. दादा उठला, गेला, सांगून आला. काय सांगितलंस म्हणून मी विचारलं नाही.

ताट आलं ते बघून मला पहिल्यांदा कळलं की वहिनी इतकी हसतमुख कशी असायची. मंद आचेवर शिजवलेला कोकराचा पाय, हाडापासून सुटत आलेला. त्याखाली लोणी घातलेला बटाट्याचा लगदा, काळ्या बिअरमध्ये शिजलेला दाट रस्सा, आणि बाजूला वाडगाभर कुमरा तळलेला. कुमरा म्हणजे आपलं रताळं. अख्ख्या पबात उपासाला चालणारा तेवढा एकच पदार्थ. ताटाशेजारी छोटा ग्लास, काळा, वर बोटभर फेस. दादाने स्वतःसाठी काहीच मागवलं नव्हतं. घरच्यांनी सवाष्णीनंतर जेवायचं असतं हे त्याला माहीत होतं, की त्याला खायचंच नव्हतं, ते मला कळेना.

मी ते ताट रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं आणि आम्ही हेदरची वाट बघत बसलो.

हेदर येईना. कुठल्याशा क्लबची मंडळी घोळक्याने आली होती, बारवरचा एक माणूस आजारी पडला होता. हिरवा खण डोक्याला बांधलेली ती बाई या टोकापासून त्या टोकाला पळताना दिसत होती. मधूनच हात वर करून "टू मिनिट्स!" म्हणायची. रश्श्यावर साय धरायला लागली. ग्लासातला फेस बसला. मी दोनदा उठून काउंटरवर जाऊन आले. एकदा तर चक्क हातात ट्रे घेऊ का म्हणून विचारलं. दादाचा चेहरा हळूहळू मिटत होता. ऋचाने सांगितलेला शुक्रवार आता माझ्या डोळ्यांसमोर होता. अजून थोडा वेळ गेला तर हा उठणार, गाडीत बसणार, आणि पुन्हा कधी इथे येणार नाही, अशी मला भीती वाटली. सगळं मीच ठरवलं होतं, आणि माझ्याच नियमामुळे ते ताट आमच्या समोर थंड होत होतं.

शेवटी हेदर धापा टाकत आली. खुर्चीवर टेकली न टेकली तोच पलीकडून कुणीतरी हाक मारली. ती उठली. "माफ करा," ती म्हणाली, "आज मला बसायला जमणार नाही. तुम्ही सुरू करा. मंदाला थांबून राहिलेलं आवडायचं नाही."

ती गेली. दादा ताटाकडे बघत होता. मी घाईघाईने म्हणाले, "थांब, मी त्या नाशिकच्या मुलीला पुन्हा फोन करते. तिची ड्युटी सुटत असेल."

"नीले, फोन ठेव."

"अरे पण..."

"ठेव." त्याने ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तू जेव."

"वेडा आहेस का? मी कशी जेवणार? सवाष्ण लागते."

"ऋचाच्या लग्नात सवाष्णींची पंगत बसली होती. तू आपणहून कोठीत जाऊन बसलीस. आठवतं?"

आठवत होतं. तांदळाच्या पोत्यावर बसून मी नारळ मोजत होते. ते कुणी मोजायला सांगितले नव्हते.

"मंदा मुलीची आई. सगळे तिला शोधत होते. ती कुठे होती?"

वहिनी भरजरी शालू सावरत दोन ताटं घेऊन कोठीत आली होती. नथ एका हाताने वर धरून माझ्या शेजारी जमिनीवर बसून जेवली होती. मी तिला म्हटलं होतं, अगं जा, लोक काय म्हणतील. तर म्हणाली, तू नसलीस की मला तिथे घास उतरत नाही.

"तिला आज घास उतरायला हवा असेल," दादा म्हणाला, "तर या ताटावर कोण पाहिजे? हेदर? ती नर्स? त्या नर्सला तर मंदा ओळखतही नव्हती." त्याचा आवाज चिरकला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं आणि सभ्यपणे पुन्हा मान वळवली. "माझी बायको गेली आहे, नीले. तिच्या नावाचं ताट आहे. मी वाढलंय. तू जेव."

यजमान गेल्यापासून, कोठीतलं ते ताट सोडलं तर, मला असं कुणी बसवून वाढलं नव्हतं. मी रडले. चांगली रडले, लपवलं नाही. मग काटा उचलला. मटण कोमट झालं होतं आणि तरी जिभेवर विरघळत होतं. रश्श्याला भाजक्या सत्त्वाचा वास होता. रताळं खाल्लं. काळ्या बिअरचा घोट घेतला. कडू होती, तेव्हा होती तशीच, आणि आता माझ्या बाजूला ठसका लागेपर्यंत हसणारं कुणी नव्हतं. दादा माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होता.

"पोटभर जेव," तो म्हणाला. सवाष्णीला म्हणतात तसंच.

मी जेवले. वहिनी जेवायची तसं, भिडस्तपणा न करता. पण ते ताट मेंढपाळाच्या भुकेला पुरेल असं होतं, निम्म्यावर आल्यावर मी हात टेकले. "दादा, पोट भरलं रे. आता खरंच जात नाही."

त्याने ताट आपल्याकडे ओढलं. माझाच काटा घेतला आणि खायला लागला. आधी एक घास, थांबून. मग दुसरा. मग त्याने मान वर करून हेदरला हाताने खूण केली, पाव मागवला, आणि हाडावरचं मटण सोडवून, रस्सा पावाने पुसून पुसून त्याने सगळं ताट साफ केलं. सवाष्ण जेवून उठल्यावर घरच्यांनी जेवायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ती आम्ही पाळली.